मदत हवी आहे : अनुस्वार दिसेल आणि वायफाय टिकेल असा लॅपटॉप (४५ हजारांपर्यंत, नाशिक)

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपचा धागा इथे पंधरवड्याला एक निघतो, ठाऊक आहे. दोन रात्री बसून जुने वाचून काढले. पण तिथे एकतर गेमवाले, नाहीतर कोडिंगवाले. माझं दुखणं वेगळं आहे, म्हणून नवा काढतेय. रागावू नये.

मी घरी बसून मुद्रितशोधन करते. दिवाळी अंक, स्मरणिका, पोथ्या, एखाददुसरी कादंबरी; आता २०२७च्या सिंहस्थामुळे माहितीपुस्तिकांची भर पडलीय. कागदावरची प्रुफं जवळपास बंदच झाली, सगळं पीडीएफ. म्हणजे दिवसाचे सात-आठ तास स्क्रीनकडे बघणं आलं. माझा लॅपटॉप २०१६चा, १५.६ इंची, १३६६ बाय ७६८चा. त्यावर पान शंभर टक्क्यांवर ठेवलं की अनुस्वार म्हणजे एक राखाडी ठिपका, आणि काचेवर धुळीचा कण बसला असेल तर तोही तसाच. ‘सर्वांचे’मधला रफार आणि अनुस्वार मिळून एक डाग होतो. मान जरा वर केली की अक्षरं फिकी, खाली केली की काळवंडतात. मग पान दीडशे टक्के करते, तर ओळ अर्धीच मावते, आणि दिवसभर पान इकडून तिकडे सरकवत बसते.

गेल्या वर्षी एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या स्मरणिकेत ‘सभासदांची चिंता वाहणारा संघ’ या मथळ्यातला अनुस्वार गळला. आता वाचा. अध्यक्ष भले गृहस्थ, हसले. मी मात्र तीन रात्री झोपले नाही.

दुसरं दुखणं वायफायचं. राहायला जुन्या नाशकात, रविवार कारंज्यापासून चालत पाच मिनिटांवर, वाड्यात. राउटर वरच्या मजल्यावर दिरांकडे, माझं टेबल खाली माजघरात खिडकीशी. मधल्या भिंती हातभर नाही, चांगल्या दीड हात जाड. चाळीस एमबीची फाइल उतरवताना मध्येच तुटते, लेखकाशी व्हिडिओ कॉल सुरू असला की त्यांचा चेहरा चौकोनी होतो.

कॉलेज रोडवरची दोन आणि एम.जी. रोडवरचं एक दुकान पालथं घातलं. विचारलं, पॅनल कुठलं? पोरगा म्हणाला, “फुल एचडी.” ते कळलं, पण पॅनल? “मॅडम, फुल एचडी अँटीग्लेअर.” प्रत्येक स्क्रीनवर समुद्र, पोपट आणि स्ट्रॉबेरी फिरत होत्या. म्हटलं, मराठीचं एक पान उघड बघू. त्याने असं पाहिलं, जणू मी शोरूममध्ये दळण टाकायला आले होते.

बजेट ४५ हजार, फार ताणलं तर ४८. श्रीलिपीचं (मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं) डोंगल लावायला साधा यूएसबी पोर्ट हवाच. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि माझं मशीन ११ घेत नाही, म्हणून आता टाळता येत नाही. स्क्रीन दुकानात कशी ओळखायची, आणि ‘वायफाय ६’ लिहिलेला घेतला तर माझा प्रश्न सुटेल का, एवढं सांगा. आगाऊ धन्यवाद.

खटपट्या

ताई, सरळ गेमिंग लॅपटॉप घ्या, १४४ हर्ट्झचा, सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा. अनुस्वार पळाला तरी दिसेल.

(हलके घ्या.)

सातपूरकर

कंपनीत सत्तर-ऐंशी लॅपटॉप सांभाळतो, म्हणून जरा लांबण लावतो.

फुल एचडी म्हणजे फक्त ठिपक्यांची संख्या. तुमच्या आताच्या स्क्रीनवर साधारण साडेदहा लाख ठिपके आहेत, फुल एचडीवर पावणेएकवीस लाख. तेवढ्याच जागेत दुप्पट, म्हणजे इंचभर रेषेत १००च्या जागी १४१. अनुस्वार गोल दिसायला लागतो तो इथेच. पण मान हलवली की अक्षर बदलतं, तो ठिपक्यांचा नव्हे, पॅनलच्या जातीचा दोष. तुमचं टीएन आहे, म्हणजे कोन बदलला की रंग बदलणारी स्वस्तातली जात. तुम्हाला आयपीएस हवं, कुठूनही बघितलं तरी जवळपास सारखं दिसणारं. स्वस्त मॉडेलांत अजूनही टीएन सापडतं आणि खोक्यावर काही लिहिलेलं नसतं. कधीकधी एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन वेगळी पॅनल येतात, फरक फक्त मॉडेल नंबरच्या शेपटीत. म्हणून दुकानात पूर्ण नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर तोच नंबर टाकून बघा.

आणि त्याहून सोपं : पेनड्राइव्हवर तुमचंच एक पीडीएफ न्या. पोपट बंद करायला लावा. पांढरं पान, ब्राइटनेस पूर्ण. खुर्चीवर बसून बघा, मग उभं राहून वरून बघा, मग खाली वाकून. टीएन असेल तर वाकल्यावर अक्षरं उलटी पडल्यासारखी होतील, छायाचित्राच्या निगेटिव्हसारखी. आयपीएसला फारसा फरक पडत नाही. मग ब्राइटनेस अगदी कमी करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून स्क्रीन बघा. काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकतोय. सगळ्यांना त्रास होत नाही, पण आठ तासांच्या कामाला मी तो घेणार नाही. ओएलईडीमध्ये (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) हे जास्त आढळतं, स्वस्तात मिळाला तरी आधी तपासा.

एका गोष्टीत मात्र पैसे वाचवा. तुम्हाला कोणी तरी ‘४५ टक्के एनटीएससी आहे, रंग फिके’ म्हणून महागड्याकडे ढकलेल. एनटीएससी, एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते याची मापं; १०० टक्के एसआरजीबी फोटोवाल्यांना आणि मुखपृष्ठं करणाऱ्यांना लागतं. तुमचं काम पांढऱ्यावर काळं बघण्याचं. त्याला पॅनल सरळ आणि उजेड पुरेसा हवा, बस. २५० निट्स (उजेडाचं माप) घरात चालतात, पण तुमचं टेबल खिडकीशी आहे, तर ३०० मिळाले तर बघा. काच चकचकीत नको.

शक्य असेल तर १४ इंची, १९२० बाय १२०० घ्या. उंची जास्त असल्याने पानाच्या चार ओळी जास्त दिसतात आणि ठिपके इंचाला १६० पलीकडे जातात. स्क्रीन लहान आहे, सवय व्हायला आठवडा लागेल.

प्रोसेसरवर डोकं आपटू नका. फक्त ७०००च्या मालिकेतला रायझन घेतलात तर नंबरातला तिसरा आकडा बघा : ७५२०यू मधला २ म्हणजे जुनी रचना, ७५३०यू मधला ३ म्हणजे त्याच्या पुढची. नावात दहाचा फरक, कामात बराच. रॅम १६ जीबी, किंवा ८ असेल तर वाढवता येणारी. ७५२०यूच्या मशीनमध्ये ती बोर्डाला डाख मारलेलीच असते.

अर्धविराम

@सातपूरकर, खुर्चीवर बसून, उभं राहून, वाकून! दुकानदार सूर्यनमस्कार समजेल. पण हेच हवं होतं. धन्यवाद.

मनातली एक शंका : दीर म्हणतात, जुनाच ठेव, २४ इंची मॉनिटर जोड.

सातपूरकर

दीर शहाणे आहेत, अर्धे. मॉनिटरवर फुल एचडीच असेल तर ठिपके फुल एचडी लॅपटॉपएवढेच, फक्त मोठे. डोळे ताणावे लागणार नाहीत, पण शंभर टक्क्यांवर रफार-अनुस्वाराची गिचमिड तितकीच राहते. शिवाय जुन्या मशीनचा विंडोजचा प्रश्न आहेच. पुढे कधी तरी जोडा, आधी लॅपटॉप.

तारयंत्र

सगळे स्क्रीनवरच अडकलेत. ताई, वायफाय ६ घेऊन तुमची भिंत पातळ होणार नाही.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतीतून जरा बरी झिरपते, पण तिथे सगळ्या आळीची गर्दी. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे त्यातच. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळी, पण जाड भिंतीपुढे मान टाकते. वायफाय ५, ६ हे पिढ्यांचे आकडे राउटरच्या खोलीत कामाचे. दीड हात माती-विटांच्या पलीकडे लाट पोचलीच नाही, तर लॅपटॉपचं वायफाय कार्ड कितीही नवं असो.

आधी तपासा. जुना लॅपटॉप वर नेऊन राउटरशेजारी बसा, तीच चाळीस एमबीची फाइल उतरवा. मग खाली या, टेबलावर फोन ठेवून फोनवर उतरवा. दोन्ही निकाल इथे लिहा.

अर्धविराम

केलं. वर लॅपटॉपवर फाइल अर्ध्या मिनिटात आली, जाऊबाई चहा ठेवेपर्यंतही थांबले नाही. खाली फोनवरही रखडली, लॅपटॉपपेक्षा थोडी बरी इतकंच. वर फोनमध्ये राउटरची दोन नावं दिसतात, लॅपटॉपला एकच.

तारयंत्र

म्हणजे दोन दुखणी आहेत. दोन नावं म्हणजे दोन पट्ट्या; लॅपटॉपला एकच दिसतं, म्हणजे त्याचं कार्ड फक्त २.४वालं. नव्यात ते आपोआप सुटेल, एवढंच बघा की कार्ड दोन अँटेनांचं असावं. स्वस्तात एकाच अँटेनाचं टाकतात आणि वेग निम्मा होतो. बऱ्याच मशीनमध्ये हे कार्ड वेगळं निघतं, नंतर बदलता येतं. म्हणून निव्वळ वायफायसाठी पाच हजार जास्त मोजू नका.

दुसरं दुखणं फोननेही सांगितलं : भिंत. वरून माजघरापर्यंत कॅट ६ वायर टाका. शंभर मीटरपर्यंत काही अडत नाही, तुम्हाला वीससुद्धा लागणार नाही. खालच्या टोकाला एक साधा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून (म्हणजे तिथून नव्याने वायफाय देणारा) बसवा. घरात जुना पडला असेल तर तोच. टेबल जागचं हलत नसेल तर वायर थेट लॅपटॉपला लावा. पण नव्या पातळ लॅपटॉपांना लॅनचं भोक नसतं, यूएसबीचा जोड घ्यावा लागतो. डोंगलही लावायचंय, तेव्हा यूएसबीची भोकं मोजून घ्या.

द्राक्षबाग

नवाच कशाला? मी दिंडोरीला बागेच्या हिशेबासाठी ऑफिसातून निघालेला जुना थिंकपॅड टी४८० घेतला. कीबोर्ड असा की बोटं सुखावतात. लॅनचं भोकही आहे.

सातपूरकर

@द्राक्षबाग, मशीन उत्तम, माझ्याकडेही आहेत. आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असेल तर विंडोज ११ चालतं, सातव्या पिढीपर्यंतची जवळपास सगळी बाद. पण टी४८० वेगवेगळ्या पॅनलांसह आला होता, काहींत १३६६ बाय ७६८ सुद्धा. ताईंनी त्यातलाच उचलला तर पुन्हा चिता. तिथेही पीडीएफ घेऊन जाणं आलंच.

अर्धविराम

मंडळी, परवा पेनड्राइव्ह घेऊन गेले. मुद्दाम ती स्मरणिकाच नेली. पहिल्या दुकानात पेनड्राइव्ह लावूच देईनात, व्हायरस येईल म्हणे. कॅनडा कॉर्नरजवळच्या एका छोट्या दुकानात मालक स्वतः बसले होते. त्यांनी तीन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले, तिन्हींवर तेच पान. मी वाकले. पहिल्यात अक्षरं खरोखर निगेटिव्ह झाली! मालकही वाकून बघायला लागले, म्हणाले, “इतकी वर्षं विकतोय, असं कुणी बघितलं नाही.”

तिसरा घेतला. १४ इंची, १९२० बाय १२००, आयपीएस, १६ जीबी, दोन अँटेना, साधे यूएसबी दोन. सगळं धरून ४६,५००. ‘सर्वांचे’मधले रफार आणि अनुस्वार शंभर टक्क्यांवर वेगवेगळे दिसतात. आणि त्या स्मरणिकेत आतल्या पानांवर आणखी दोन चुका सापडल्या. त्या मी कुणाला सांगणार नाही.

वायफाय अजून तसंच. वायरमन रविवारी येतोय. माळ्यावरून, तुळईच्या कडेने वायर खाली आणायचं ठरलंय, पण माळ्यावर उंदीर आहेत. मागे त्यांनी केबलची वायर दोनदा कुरतडली. यावर कुणाचा अनुभव?

तारयंत्र

उघडी सोडूच नका. पीव्हीसी पाइपातून न्या, आणि दोन्ही टोकं बुजवा. टोकं राहिली तर ते पाइपातच संसार थाटतात.

खटपट्या

मांजर. वायरलेस.