चर्चच्या नावावरची जमीन ॲबोरिजिनल लोकांना परत द्यावी का?

यारातीर, मेलबर्न

द्यावी, असं मला अगदी मनापासून वाटतं. सगळी नाही म्हणत. पण जिथे मिशनं, म्हणजे मिशनऱ्यांच्या वसाहती, होती ती, आणि वसाहतीच्या सरकारने चर्चला इनाम दिलेली, एवढी तरी. आणि देताना अटी घालू नयेत.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. ॲबोरिजिनल म्हणजे ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी. ते इथे असतानाही ही कुणाचीच भूमी नव्हती असं गृहीत धरून इंग्रजांनी ती घेतली. एडी माबो यांच्या खटल्यात 1992 साली हायकोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ते गृहीतक मोडीत काढलं. पुढच्याच वर्षी मूळ रहिवाशांच्या जमिनीवरच्या हक्कांचा, म्हणजे मूळ हक्कांचा, कायदा आला. पण जी जमीन एकदा फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची, म्हणून कुणाच्या नावावर झाली, तिच्यावरचा मूळ हक्क कायमचा संपला असं हा कायदा धरतो. चर्चच्या शहरांतल्या नि गावांतल्या बहुतेक जागा याच प्रकारातल्या. म्हणजे कोर्टात जाऊन उपयोग नाही. मालकाने स्वतःहून दिली तरच ती परत मिळणार, आणि इथे मालक कोण, तर पापाची कबुली द्या, झालेलं नुकसान भरून द्या, असं दर रविवारी शिकवणारी संस्था.

हे इनाम लहानसहान नव्हतं. न्यू साउथ वेल्समध्ये 1826 साली चर्च ऑफ इंग्लंड आणि त्याच्या शाळांसाठी जमिनीचा सातवा हिस्सा राखून ठेवण्याची योजना झाली. त्यासाठी नेमलेलं महामंडळ 1833 मध्ये गुंडाळलं गेलं, पण नव्या गावांतल्या मोक्याच्या जागा निरनिराळ्या पंथांना मिळतच राहिल्या. ॲबोरिजिनल लोकांवरच्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या, व्हिक्टोरियाच्या यूरूक सत्यशोधन आयोगापुढे 2024 मध्ये चर्चचे प्रमुख आले, तेव्हा जमिनींबद्दल त्यांना थेट विचारलं गेलं.

आमची मुलांची मराठी शाळा चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरते. तेव्हा हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे.

खतावणी, सिडनी

यारातीर, तुमची कळकळ पटते, मार्ग पटत नाही. चर्चची जमीन बिशपच्या मालकीची नसते, विश्वस्तांकडे असते. मी विश्वस्त संस्थांचे हिशेब तपासतो. दानपत्रात ज्या कामासाठी जमीन दिली आहे, त्याच कामाला ती लावणं हे विश्वस्ताचं कायदेशीर कर्तव्य आहे. कितीही उदात्त वाटलं तरी दुसऱ्याची ठेव वाटून टाकता येत नाही.

आणि या मालमत्तेवर आधीच एक मोठा हक्क उभा आहे. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने 2017 मध्ये काम संपवलं, 2018 पासून राष्ट्रीय भरपाई योजना सुरू झाली. त्यातल्या आपल्या वाट्यासाठी टास्मानियाच्या अँग्लिकन धर्मप्रांताने शंभराहून जास्त मालमत्ता विकायला काढल्या. खेड्यापाड्यांतली माणसं रस्त्यावर आली, कारण त्या आवारांत त्यांच्या पूर्वजांच्या कबरी आहेत. आता याच तिजोरीवर आणखी एक हक्क सांगायचा का?

यारातीर, मेलबर्न

विश्वस्ताचं कर्तव्य मान्य. पण दानपत्र बदलता येत नाही हे मान्य नाही. मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बहुतेक प्रेस्बिटेरियन मिळून 22 जून 1977 ला युनायटिंग चर्च झालं, तेव्हा राज्याराज्यांत खास कायदे करून मालमत्ता नव्या चर्चच्या नावावर केल्या. चर्चला स्वतःला गरज होती तेव्हा विधिमंडळं मदतीला आली. आता ॲबोरिजिनल लोकांसाठी तसा कायदा मागायला काय हरकत आहे?

अत्याचारग्रस्तांचा हक्क आधी, याबद्दल माझं दुमत नाहीच. पण मिशनच्या वसतिगृहांत, आईबापांपासून तोडून ठेवलेली मुलं ॲबोरिजिनलच होती. सरकारने या मुलांबद्दलचा 1997 चा अहवाल स्वीकारून माफी मागायला 2008 उजाडलं. या दोन हक्कांना एकमेकांसमोर उभं करू नका, पुष्कळदा ती एकाच घरातली माणसं आहेत.

वसईकर

मी कॅथलिक आहे, वसईचा. आमच्या धर्मग्रामातल्या इमारती कुणी इनाम दिल्या नाहीत, शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी पोटाला चिमटा काढून उभ्या केल्या. ऑस्ट्रेलियातही आयरिश मजुरांनी अशीच देवळं बांधली असणार. म्हणून ‘चर्चने लुटलं’ हा सूर मला बोचतो.

मिशनऱ्यांनी माणसं वाचवलीही. पश्चिम ऑस्ट्रेलियात फॉरेस्ट रिव्हरजवळ 1926 मध्ये पोलिसांच्या तुकडीने ॲबोरिजिनल लोकांना ठार मारलं, तेव्हा अँग्लिकन मिशनरी अर्नेस्ट ग्रिबल यांनी ते चव्हाट्यावर आणलं आणि 1927 मध्ये रॉयल कमिशन बसलं. मिशन नसतं तर कुणाला कळलंही नसतं. जमीन द्यायला माझा विरोध नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1986 मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला या लोकांच्या जमिनीच्या हक्काची बाजू उघडपणे घेतली होती. पण प्रार्थना चालू असलेली चर्चं सोडून बोला. आणि एकत्र वापर, एकत्र विश्वस्त मंडळ, असं काही का नको?

लालमाती, डार्विन

वसईकर, ग्रिबल यांच्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण एका भल्या मिशनऱ्याची गोष्ट आणि संस्थेच्या हातातल्या सत्तेची गोष्ट वेगवेगळी असते. इथल्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या यिर्कालाचं बघा. तिथे 1935 पासून मेथडिस्ट मिशन. 1963 मध्ये सरकारने बॉक्साइटच्या खाणीसाठी राखीव प्रदेशातून 300 चौरस किलोमीटरहून जास्त जमीन काढून घेतली. चर्चच्या वरिष्ठांनी बोलणी केली ती सरकारशी आणि कंपनीशी. ज्यांची जमीन, त्या योल्ंगू लोकांना विचारलंच नाही. त्यांनी झाडाच्या सालीवर आपली चित्रं काढून, मध्ये मजकूर चिकटवून संसदेकडे अर्ज पाठवले. आजही ते संसद भवनात आहेत. मिशनचे प्रमुख एडगर वेल्स लोकांच्या बाजूने उभे राहिले, तर त्यांना यिर्काला सोडावं लागलं.

एकत्र मंडळ म्हणजे शेवटचा शब्द पुन्हा चर्चचाच राहील, ही भीती त्या अनुभवातून येते.

आता हर्मन्सबर्ग. पश्चिम अरेर्न्टे लोकांच्या प्रदेशात 1877 मध्ये लुथरन पंथीयांनी स्थापलेलं मिशन, चित्रकार अल्बर्ट नामाटजिरा तिथलेच. 1982 मध्ये ती जमीन मूळ मालकांना परत दिली गेली. चर्च बुडालं का? नाही. तिथली माणसं आजही लुथरन आहेत, आपल्या भाषेत स्तोत्रं गातात. जमीन दिल्याने श्रद्धा गेली नाही, आणि बरं होणं म्हणजे काय ते मला या माणसांकडे बघून कळतं: आजीच्या कबरीवर जायला कुणाची परवानगी लागत नाही, पाहुण्यांना आत घ्यायचं की नाही ते स्वतः ठरवतात. त्यांच्या दवाखान्यांतल्या सगळ्या अडचणी संपल्या असं मात्र कुणी म्हणू नये.

प्रश्नचिन्ह, ब्रिस्बेन

परत द्यायची, पण कुणाला? याचं उत्तर इथे अजून कुणी दिलेलं नाही. केर्न्सजवळचं यॅराबा घ्या. जॉन ग्रिबल यांनी 1892 मध्ये काढलेलं अँग्लिकन मिशन. भूमी गुंगंजी लोकांची, पण सरकारने ठिकठिकाणची माणसं आणि मुलं आणून तिथे ठेवली. त्यांच्या पिढ्या तिथेच जन्मल्या, तिथेच पुरल्या गेल्या. मग हक्क मूळच्यांचा की आणून टाकलेल्यांचा?

चुकीच्या पद्धतीने दिलं तर काय होतं तेही पाहा. व्हिक्टोरियातलं लेक टायर्स, 1861 चं मिशन, 1970 च्या कायद्याने तिथल्या रहिवाशांना मिळालं, तेही शेअरच्या रूपात. पुढे इतके वाद झाले की सरकारला प्रशासक नेमावा लागला. घाईने केलेलं दान भांडणं पेरतं.

यारातीर, मेलबर्न

प्रश्न खरा आहे, आणि सोपा नाही. पण ही सरमिसळ सरकारने आणि मिशनांनी केली. तिचंच कारण सांगून जमीन आपल्याकडे ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. आतल्या आत कुणाचा किती हक्क, ते त्या लोकांनी आपल्या रीतीने ठरवावं, त्याला दहा वर्षं लागली तरी लागू देत. त्या काळात जमीन विकायची नाही, एवढं बंधन चर्चने स्वतःवर घ्यावं. लेक टायर्सची चूक शेअर वाटण्यात होती. नॉर्दर्न टेरिटरीतल्या 1976 च्या कायद्यात जमीन सामूहिक ट्रस्टकडे असते आणि ती विकता येत नाही. तो नमुना आहे की.

खतावणी, सिडनी

1977 च्या कायद्यांचा दाखला बिनतोड आहे, त्यावर मला पुन्हा अभ्यास करावा लागेल. बंद पडलेल्या मिशनांच्या जमिनीबद्दल माझा विरोध नाही. शहरातल्या चालू चर्चबद्दल मात्र आहे. त्यांच्यासाठी वेगळं सुचवतो: न्यू साउथ वेल्सच्या 1983 च्या कायद्याने जमीन कराचा साडेसात टक्के भाग 15 वर्षं ॲबोरिजिनल लँड कौन्सिलांसाठी बाजूला काढला होता. तसं प्रत्येक मालमत्तेच्या विक्रीतून ठरावीक हिस्सा काढा. हिशेबात बसतं, आणि कुणाचं प्रार्थनास्थळ जात नाही.

लालमाती, डार्विन

हिस्सा काढा, जरूर काढा. पण विकण्याआधी ती जागा मूळच्या लोकांना देऊ करायची, हे त्याच ठरावात पहिलं कलम म्हणून लिहा. एकदा बिल्डरने इमारत उभी केली की नंतर पैसा कितीही असो, तिथली जमीन मिळत नाही.

वसईकर

या कलमाला माझी संमती. चर्चच्या भाविकांना विचारून व्हावं, एवढंच.