राऊलला वगळले म्हणून स्पेन जिंकला का?

अर्धविराम :
परवा इथे एकाने ‘राऊल गेला आणि स्पेन जिंकू लागला’ अशा एका ओळीत स्पेनच्या फुटबॉल संघाचा कर्णधार आणि आघाडीपटू राऊल याचा सगळा विषय मिटवून टाकला. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. सप्टेंबर 2006 मध्ये बेलफास्टला उत्तर आयर्लंडने स्पेनला 3-2 असे हरवले आणि तो राऊलचा देशासाठी 102वा व अखेरचा सामना ठरला, हे खरे. पण त्या रात्री त्यांच्या हीलीने तीन गोल केले ते बचावफळीच्या ढिसाळपणामुळे, त्यात पुढे खेळणाऱ्याचा काय दोष? पुढच्याच महिन्यात राऊलविना उतरलेला संघ स्वीडनकडून 2-0 असा हरला, ते मात्र कुणाला आठवत नाही. 2007-08 मध्ये त्याने स्पॅनिश लीगमध्ये 18 गोल केले, त्याचा क्लब रेआल माद्रिद विजेता झाला, तरीही स्पेनचे प्रशिक्षक आरागोनेस यांनी युरोसाठी, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेसाठी, त्याला नेले नाही. देशासाठी 44 गोल करणाऱ्याची बोळवण अशी करतात का?

तालीमवाला :
स्वीडनपर्यंत येऊन आपण थांबलात, हे सोयीचेच झाले. 2008 च्या युरोत स्पेनच्या व्हियाने सर्वाधिक 4 गोल केले, अंतिम सामन्यात टोरेसने जर्मनीला हरवणारा गोल केला, आणि राखीव म्हणून नेलेल्या गुइसाने त्याच हंगामात मायोर्का क्लबसाठी लीगमध्ये 27 गोल केले होते. 27 मोठे की 18, हे सांगायला पंतोजी लागत नाहीत. राऊल तीन विश्वचषक आणि दोन युरो खेळला. त्यांतले किती जिंकले, तेही सांगा.

मी कोल्हापुरात तालमीच्या संघातून बारा वर्षे पुढच्या फळीत खेळलो. एकतिसाव्या वर्षी मला बाकावर बसवले, तेव्हा आठवडाभर घरात कुणाशी धड बोललो नाही. पण माझ्या जागी आलेल्या पोराने शाहू स्टेडियमवर गोल मारला, तेव्हा टाळी वाजवावीच लागली. शिवाय ज्याने 2000 च्या युरोत फ्रान्सविरुद्ध अगदी शेवटी मिळालेली पेनल्टी गोलखांबाच्या वरून मारली, त्याच्यासाठी गळा काढणे मला जमणार नाही.

मेंदिएताभक्त :
पेनल्टी काढलीतच, तर पूर्ण सांगा. त्याच सामन्यात स्पेनच्याच मेंदिएताने पूर्वार्धात पेनल्टीवर गोल केला होता आणि प्रशिक्षक कामाचो यांनी उत्तरार्धात त्यालाच बाहेर बोलावले. मग तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरलेल्या मुलावर ती वेळ आली. चोवीस वर्षे हे सांगतो आहे, कुणी ऐकत नाही.

तालीमवाला :
वयाची सबब पुरे. सतराव्या वर्षी माद्रिदकडून उतरला तेव्हा ‘अजून लहान आहे’ असे कुणी म्हणाले का? श्रेय घेताना मोठा आणि चुकल्यावर लहान, हा न्याय तुमच्याच घरी चालत असेल.

अर्धविराम :
घरापर्यंत जाऊ नका. 2-1 अशा पिछाडीवर, समोर फ्रान्सचा गोलरक्षक बार्थेझ उभा असताना, चेंडू हातात घ्यायलाच छाती लागते. चुकण्याची भीती असलेले अशा वेळी बुटाची नाडी बांधत बसतात. आपल्या तालमीतही दोन-चार असतीलच. 2002 च्या विश्वचषकात दुखापतीमुळे राऊल कोरियाविरुद्ध बाहेर बसला आणि संघ पेनल्टींवरच बाद झाला, तेव्हा कुणाला दोष द्यायचा?

आणि ज्याला तुम्ही संपलेला समजता त्या खेळाडूने 2010 नंतर जर्मनीच्या शाल्के क्लबसाठी 98 सामन्यांत 40 गोल केले, जर्मन चषक जिंकला, आणि इटलीच्या इंटर क्लबला त्यांच्याच सान सिरो मैदानावर 5-2 असे हरवणाऱ्या संघातही गोल केला.

तालीमवाला :
नाडी बांधणारे दोघे होते, आणि त्यांतला एक मीच. शाल्केचे मान्य करतो; गुइसाशी तुलना करतानाही मी फक्त एकाच हंगामाचा हिशेब मांडला. पण व्हिया आणि टोरेस यांच्यापैकी कुणाला बसवून राऊलला खेळवायचे, हे आपण अजून लिहिलेले नाही.

अर्धविराम :
कुणालाच नाही. गुइसाच्या जागी न्यायचा होता, बाकावर बसायला.

तालीमवाला :
कर्णधाराला बाकावर? एकतिसाव्या वर्षी तिथे बसून पाहा, मग बोलू.