मदत हवी आहे : १८४०-५० च्या काळातलं इंग्रजी हस्ताक्षर कसं वाचायचं? (टेक्सासचे जज बेलर)

नमस्कार मंडळी, मी टेक्सासात राहते आणि आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी जज आर. ई. बी. बेलर यांच्यावर लेख लिहायला घेतलाय, आता पार अडकलेय. वेकोच्या बेलर युनिव्हर्सिटीला ज्यांचं नाव आहे तेच हे. जन्म १७९३ चा, केंटकीतला, पुढे अलाबामातून अमेरिकेच्या काँग्रेसवर (म्हणजे संसदेवर) निवडून गेले, मग पंचेचाळिशीच्या आसपास बाप्टिस्ट (एक ख्रिस्ती पंथ) धर्मोपदेशक झाले आणि १८३९ ला टेक्सासात आले, तेव्हा टेक्सास अमेरिकेत नव्हतंच, वेगळा देश होता. १८४१ पासून जज. घोड्यावरून गावोगाव कोर्ट भरवायचे, दिवसा खटले आणि रात्री त्याच गावात प्रवचन, म्हणजे सकाळी तारीख देणारा माणूस रात्री कीर्तनाला उभा! १ फेब्रुवारी १८४५ ला हकिन्स आणि ट्रायॉन या दोन बाप्टिस्ट धर्मोपदेशकांसोबत इंडिपेंडन्स गावच्या कॉलेजची (तीच आजची बेलर युनिव्हर्सिटी) सनद मिळवली, तिथे कायदा शिकवला तोही बिनपगारी. कॉलेज वेकोला गेलं ते १८८६ ला, म्हणजे ते वारल्यावर बारा वर्षांनी.

तर प्रश्न. वेकोला जाऊन त्या काळच्या कागदांचे फोनवर फोटो काढून आणलेत पण अर्धं वाचताच येत नाही. डबल एस आला की पहिला एस लांबलचक, अगदी एफसारखा, त्यामुळे कोर्टाचं 'सेशन' मी तासभर 'सेफन' वाचत होते 😅 जेम्सचं नुसतं 'जास', विल्यमचं 'डब्ल्यू-एम'. आमचे मामा मोडी शिकताना आधी त्या एकाच लिहिणाऱ्याची अक्षरं वेगळी काढून तक्ता करायचे, तसं करतेय, पण फार वेळ जातोय. कुणी ट्रान्सक्रिबस (हस्ताक्षर वाचून देणारं सॉफ्टवेअर) वापरलंय का, वाकड्यातिकड्या फोटोंवर चालतं का?

दुसरं जरा जड आहे. १८६० च्या जनगणनेत यांच्या नावावर ३३ गुलाम आहेत. त्या यादीत फक्त वय, लिंग आणि रंग, नाव एकाचंही नाही. आणि रकान्यात मालकाचं नाव मात्र ठसठशीत. हे वगळून 'थोर शिक्षणप्रेमी' टाइप लेख मला लिहायचा नाहीये, कॉलेज उभं राहायला ज्यांची मेहनत लागली त्यांची निदान चारदोन नावं तरी हवीत. १८७० च्या जनगणनेत मुक्त झालेल्यांची नावं येतात, तर वॉशिंग्टन काउंटीच्या (इंडिपेंडन्स गाव ज्यात येतं तो जिल्हा) त्या याद्या १८६० च्या वयांशी ताडून बघता येतील असं वाटतंय, पण दहा वर्षं मिळवली की वयं जुळणारी माणसं ढीगभर निघतात. मृत्युपत्रं, खरेदीखतं यात नावं सापडतात का? काउंटी क्लर्कच्या ऑफिसात नेमकं काय मागायचं, कुठलं रजिस्टर?

अंक छापायला जायला तीन आठवडे आहेत. एका पानाचा फोटो खाली टाकतेय, तिसऱ्या ओळीतला 'कोर्ट'नंतरचा शब्द कुणाला लागला तर प्लीज सांगा.