‘गेन्कान’ला मराठीत काय म्हणावं?

पारिजातक: जपानला निघालेल्या ज्येष्ठांच्या गटासाठी सूचनांचं पत्रक मराठीत करतेय. मागच्या खेपेला मी ‘बूट उंबरठ्याबाहेर काढावेत’ असं लिहिलं. क्योतोला एका घरी जेवायला गेलो, तर आमच्या दोन काकूंनी दाराबाहेर भर पावसात बूट काढले आणि ओल्या मोज्यांनी आत शिरल्या. यजमानीणबाई टॉवेल घेऊन धावल्या. चूक काकूंची नव्हे, माझ्या शब्दाची. बूट दाराच्या आत काढायचे असतात. आत शिरलं की आधी बाहेरच्याच पातळीची छोटी जागा, मग पायरीएवढा उंचवटा, त्यावर घर. बूट खाली सोडायचे, मोजे तिथल्या फरशीला न टेकवता वर चढायचं. त्या खालच्या जागेला, म्हणजे गेन्कानला, मराठी शब्द सुचवा.

पंचगंगा: ओसरी. सगळ्यांना कळेल.

खळ्यातली: ओसरी जोत्यावर असते हो, इथे नेमकं उलट आहे. आमच्याकडे रत्नागिरीला खळ्यात चपला काढून ओटीवर चढतात. माणूस आला की आजी ‘आत या’ म्हणायचीच नाही, ‘वर या’ म्हणायची.

तोक्योकर: वाचून अंगावर काटा आला! इथेही पाहुण्याला ‘ओआगारी कुदासाई’ म्हणतात. ‘आगारु’ म्हणजे चढणं, म्हणजे अक्षरशः ‘वर या’. पाहुण्याने ‘ओजामा शिमासु’ म्हणायचं, ‘तुमची अडचण करतोय’. मग यजमानाकडे पाठ न करता वर चढायचं आणि खाली बसून बुटांची टोकं दाराकडे वळवून ठेवायची. पत्रकात हे घालाच. गेन्कान शब्द मुळात झेन मठांतला, ‘गूढाचं द्वार’ अशा अर्थाचा.

मोडीप्रेमी: वाड्याच्या दाराआतली ती देवडी. आणि ‘बूट’ कशाला? ‘वहाणा’ म्हणा. थेट ‘उपानह्’वरून आलेला शब्द आपण हाताने मारतोय.

पारिजातक: वहाणा म्हटलं की काकूंना कोल्हापुरीच दिसणार. त्यांच्या पायात नाडीचे बूट आहेत.

मोडीप्रेमी: वापराल तर अर्थ रुंदावेल. ‘गाडी’चा नाही रुंदावला?

पंचगंगा: तातामीवर, म्हणजे तिथल्या गवती चटयांच्या जमिनीवर, घरातल्या सपातासुद्धा चालत नाहीत. संडासातल्या सपाता वेगळ्या, त्या तिथेच सोडायच्या. ‘सोवळं-ओवळं’ लिहा, आपल्या माणसांना पटकन उमजेल.

खळ्यातली: तो शब्द नको, कळकळीने सांगते. सोवळ्यात माणूस माणसाला शिवत नाही. आजीचं ‘वर या’ही सगळ्यांसाठी नव्हतं. काहींना पाणी खळ्यातच, वरून ओतलं जायचं. मी पाहिलंय. इथे अडतो तो फक्त बूट.

तोक्योकर: आज, हो. पण एदो काळात (१६०३ ते १८६८) साध्या माणसाला घराला गेन्कान बांधायची मुभा नव्हती, तो सामुराईंचा मान. ही पायरीही कधीकाळी माणसं मोजतच होती.

पंचगंगा: माझी आई स्वयंपाकघराबाहेर चपला काढते, तेही सोवळंच म्हणते. त्यात कोणाचा अपमान? शब्द टाकून दिल्याने इतिहास जात नाही.

खळ्यातली: जात नाही, म्हणूनच तो परदेशी घराच्या दारात नेऊन ठेवू नका.

पारिजातक: पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. तूर्त ‘दाराच्या आत, पायरीखाली बूट काढा’ असं लिहिलंय. नेमका शब्द अजून हवाच आहे.

मोडीप्रेमी: निदान ‘पादत्राणे’ तरी करा. त्याचंच घासून ‘पायताण’ झालंय.

पंचगंगा: पायताण म्हटलं तर आमच्याकडे भांडण लागेल!