बायपोलर भावासाठी आधारगट: कुणाला अनुभव आहे का?

सई_पुणे
धाकट्या भावाला तीन वर्षांपूर्वी बायपोलरचं (कधी अति उत्साहाची तेजी, कधी पार खचणं) निदान झालं. वय २९. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरही चांगले आहेत, पण महिन्यातून एकदा दहा मिनिटं भेटतात. बाकीचे दिवस आम्हीच. 'झोपलास का, गोळी घेतलीस का' एवढंच आमचं बोलणं उरलंय आणि तो त्यावर चिडतो. आधारगटात न्यावं असं मनात आहे. पण दहा खचलेली माणसं एकत्र बसून आणखी खचत नाहीत का? आणि पुण्यात जायचं कुठे?

उलटा_पाऊस
मी स्वतः बायपोलर, ११ वर्षं झाली. मलाही हीच भीती होती. पहिल्याच दिवशी पोट धरून हसलो. एक काका सांगत होते, तेजीत असताना त्यांनी एका दुपारी तीन मिक्सर घेतले, कारण दुकानदार सज्जन वाटला! घरी हा विषय निघाला की अजून रडारड होते म्हणे.

खरा उपयोग मात्र वेगळाच झाला. तीन तास झोपूनही मला ताजंतवानं वाटायला लागलं की बायको म्हणायची, डॉक्टरांकडे जाऊ. मला वाटायचं, हिला माझं बरं बघवत नाही. एकदा गटातल्या एकाने नुसतं विचारलं, "काल किती वाजता झोपलास? आणि या वेळी धंदा कसला काढतोयस?" मी गप्प. तो त्याच वाटेने जाऊन आलेला होता, त्याच्याशी काय वाद घालणार? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला.

भाकरवडी
धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पत्नीच्या आजारपणातून आलेल्या अनुभवावर ती उभी केली. नावावर जाऊ नका, बायपोलरसारख्या मूड डिसऑर्डरसाठी येता येईल का आणि कधी, ते फोन करून विचारा. पुण्यातल्या अशा गटांत 'रुग्ण' म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात. सांभाळणारे ते शुभंकर. मला आधी हे शब्द फार गोग्गोड वाटायचे. आता 'पेशंट' खटकतं.

मीठभाकर
एक सावधगिरी. गटात कोणी 'मी लिथियम (बायपोलरवरची गोळी) सोडलं, काही झालं नाही' म्हणालं आणि गट चालवणाऱ्याने अडवलं नाही, तर सरळ उठून या. चांगल्या गटात डोसवर सल्ले देत नाहीत. गोळी घेऊन जगायचं कसं, हे मात्र तिथेच कळतं. लिथियमवर निर्जळी उपास करू नये, हे मला आधी गटातल्या एका बाईंनी सांगितलं. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातली लिथियमची पातळी वाढते. डॉक्टरांनी नंतर दुजोरा दिला. सासूबाईंना ते पटवायचं कसं, हे पुन्हा त्या बाईंनीच शिकवलं.

आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर पुढच्या बैठकीची वाट बघू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फोन मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

सई_पुणे
सगळ्यांचे आभार. आत्ताच त्याला विचारलं. म्हणाला, "तूच जा, तुलाच गरज आहे." एकटी जाऊ का?

उलटा_पाऊस
जा की. आमच्याकडेही पहिल्यांदा बायकोच एकटी गेली होती. मी खाली गाडीत बसून होतो. तिसऱ्या खेपेला उकाडा असह्य झाला म्हणून वर गेलो.