विषुवदिनी दिवस आणि रात्र खरोखरच समान असतात का?

एडिसनकर:
नमस्कार. मी न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहतो. २०२५ साली शरद संपात, म्हणजे सप्टेंबरचा विषुवदिन, २२ सप्टेंबरला होता. त्या दिवशी माझ्या मुलीने सूर्यास्ताच्या वेळेतून सूर्योदयाची वेळ वजा केली, तेव्हा दिवस बारा तास आणि आठ-नऊ मिनिटांचा निघाला. ही मिनिटे कुठून आली? शिवाय पुण्याहून आई विचारते, की शरद सुरू झाला म्हणता, मग छत्री अजून दारातच का? इथला ‘फॉल’ आणि आपला शरद एकच मानावेत का?

शंकुच्छाया:
वजाबाकी बरोबर आहे. संपात म्हणजे सूर्यबिंबाच्या केंद्राने खगोलीय विषुववृत्त (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेषा) ओलांडण्याचा क्षण. सूर्योदय मात्र बिंबाची वरची कड दिसताच धरला जातो, म्हणजे १६ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आधी. त्यात वातावरणातील वक्रीभवनामुळे क्षितिजाखालचा सूर्य सुमारे ३४ कला वर उचललेला दिसतो. अशा ५० कला सकाळी आणि तेवढ्याच संध्याकाळी दिवसाच्या पदरात पडतात. विषुववृत्तावर त्यांची जवळजवळ सात मिनिटे होतात, आणि तुमच्याकडे सूर्य अधिक तिरका उगवत-मावळत असल्याने नऊच्या आसपास. तुमचा दिवस रोज अडीच मिनिटांहून अधिक आखडतो, म्हणून बरोबर बारा तासांचा दिवस २५-२६ सप्टेंबरला येतो. पुण्यात तो रोज जेमतेम मिनिटभर घटतो, त्यामुळे २९-३० तारीख उजाडते.

माझ्या मते घड्याळापेक्षा सावली पाहावी. सप्टेंबरच्या विषुवदिनी पुण्यात दुपारी १२ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास बारा अंगुळे उंचीच्या शंकूची (सावली मोजायच्या उभ्या काठीची) सावली चार अंगुळे पडते. हीच पुण्याची पलभा. गच्चीवर दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडूने खूण करत गेलो, की त्या दिवशी खुणा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरळ रेषेत येतात. एरवी त्या रेषेला बाक असतो.

आश्विन:
तुमच्या आईंचा प्रश्न रास्त आहे. आपला शरद आश्विन-कार्तिकाचा. भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत आश्विन २३ सप्टेंबरला सुरू होतो, आणि २०२५ साली चांद्र पंचांगातली घटस्थापनाही नेमकी २२ सप्टेंबरला आली होती. परंतु मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीखच ८ ऑक्टोबर आहे, तेव्हा छत्री दारातच राहू द्यावी. पुढे आभाळ निवळते, जमीन ओली असते, ऊन थेट लागते आणि थंडीऐवजी ऑक्टोबर हीट वाट्याला येते.

पानगळ:
‘फॉल’ला शरद म्हणणे तारखेपुरते ठीक, पण आपल्याकडे साग आणि पळस निष्पर्ण होतात ते हिवाळा सरता सरता, म्हणजे पानगळ शिशिराची. तुमच्याकडे रात्री लांबू आणि गार होऊ लागल्या, की पानांतले हरितद्रव्य विघटित होते. मग मुळातच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेपलचा लाल रंग मात्र पानातल्या साखरेपासून त्या दिवसांत नव्याने तयार होतो.

एडिसनकर:
सर्वांचे आभार. आकडेमोड केली, तर एडिसनची पलभा सव्वादहा अंगुळे येते. मार्चच्या विषुवदिनी लेकीला घेऊन खडूच्या खुणा करून पाहीन.