महिनाअखेरीस गुरुवारचा मेंटेनन्स पुढे ढकलणं: प्लांट मॅनेजरचा अधिकार की चूक?

तिसरी_पाळी (धागाकर्ता)
भोसरी-पिंपरी पट्ट्यात गुरुवार म्हणजे सुट्टी, आणि म्हणून मेंटेनन्सचा दिवस. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी हमखास तोच वाद: मशीन उघडायचं की चालवायचं? माझ्या मते निर्णय प्लांट मॅनेजरचा एकट्याचा असावा, आणि तो ‘चालवा’ म्हणाला म्हणून बेजबाबदार ठरत नाही.

ॲल्युमिनियम प्रेशर डायकास्टिंगचंच घ्या, म्हणजे वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात (डायमध्ये) मारून नग काढणं. असा एक मारा म्हणजे एक शॉट. 800 टनी मशीन, सायकल 65 सेकंद. चहा-जेवण, प्लंजरची (धातू ढकलणाऱ्या दट्ट्याची) टिप बदलणं वगळून शिफ्टमध्ये खरे साडेसात तास मिळाले तर 415 शॉट. 4 टक्के रिजेक्शन गेलं तरी 400च्या आसपास चांगले नग हातात. तेवढ्या नगांसाठी ग्राहकाची लाईन थांबली तर डेबिट नोट (नुकसानीची वसुली) येते, ती एका शिफ्टच्या ओव्हरटाइमपेक्षा कितीतरी जड. पीएम (ठरल्या वेळेचा प्रतिबंधक मेंटेनन्स) आठवडाभर पुढे गेला म्हणून मशीन मोडून पडत नाही. शेड्यूल मशीन बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं आणि त्यात वॉरंटीच्या भांडणात स्वतःला वाचवायचा भाग बराच असतो.

बिस्किट
मोडून पडत नाही, हेच तर दुखणं आहे. मोडलं असतं तर कळलं तरी असतं.

ॲक्युम्युलेटरमधला (शॉटसाठी तेलाचा दाब साठवणाऱ्या टाकीतला) नायट्रोजन बघा. तो हळूहळू कमी होतो. पंप तेलाचा दाब पूर्ववत भरतो, त्यामुळे शॉटच्या आधी गेज नेहमीचाच आकडा दाखवतो. ऑपरेटर बघतो, सगळं ठीक. पण साठा कमी असल्याने शॉट मारताना दाब जास्त घसरतो, प्लंजरचा वेग पडतो आणि इंटेन्सिफिकेशन (साचा भरल्यावरचा शेवटचा जादा दाब) उशिरा चढतं. पातळ गेट (धातू साच्यात शिरायची वाट) तोवर गोठलेलं असतं, मग मागून कितीही दाबा, धातूपर्यंत काही पोचत नाही. पोरोसिटी (बारीक पोकळ्या) आत राहते. बाहेरून नग चकाचक, व्हिज्युअलमध्ये पास. फटका बसतो मशिनिंगनंतर लीक टेस्टला, म्हणजे त्या नगावर ड्रिलिंग-बोरिंगचा खर्च करून झाल्यावर.

तुमच्याच आकड्यांवर हिशोब करा. तीन शिफ्ट, दिवसाला साधारण 1200 शॉट, सहा दिवसांत 7200. रिजेक्शन 4 वरून 9 टक्क्यांवर गेलं तर जादा 360 नग भंगारात. गुरुवारी कमावलेले 400 असे सहा दिवसांत परत गेले, वर मशिनिंगची मजुरी गेली.

नटबोल्ट
दोघांचंही अर्धं बरोबर. बिस्किटराव, नायट्रोजन तपासायला गुरुवार कशाला लागतो? मोटर बंद करा, गार्ड लॉक करा, ड्रेन व्हॉल्व्ह हळूहळू उघडा आणि गेजकडे बघत राहा. काटा सावकाश उतरत येतो आणि एका आकड्यावरून एकदम शून्यावर पडतो. तो आकडा म्हणजे नायट्रोजनचा दाब. पाच-सात मिनिटांचं काम, शिफ्ट बदलताना होतं. कमी निघाला तर चार्जिंग किट लावून भरायला आणखी अर्धा तास. (फक्त कोरडा नायट्रोजन. ऑक्सिजनचा सिलिंडर चुकून लागला तर तेलाशी गाठ पडून स्फोट होतो, म्हणून सिलिंडरचा रंग आणि लेबल दोघांनी बघायचं.)

माझा आक्षेप वेगळा आहे. कॅलेंडर बघून धडधाकट वस्तू उघडणं हाच मोठा रोग. 1978 साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी अहवाल केला, त्यात विमानाच्या फक्त 11 टक्के भागांचं बिघडणं वयाशी जोडलेलं आढळलं. तब्बल 68 टक्के भागांत बिघाडाची शक्यता सुरुवातीलाच सर्वांत जास्त होती. डायकास्टिंग मशीन म्हणजे विमान नव्हे, मान्य, पण प्रपोर्शनल व्हॉल्व्ह उगाच उघडला, ओ-रिंगखाली कचऱ्याचा कण राहिला आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टला गळती लागली, हे दृश्य कुठल्या शॉपला नवीन आहे?

बिस्किट
व्हॉल्व्ह उघडा असं मी कुठे म्हटलं? तेलाचा नमुना, टाय बारचा (डाय बंद धरणाऱ्या चार जाड दांड्यांचा) ताण, टॉगलचं (डाय बंद करणाऱ्या सांध्यांचं) ग्रीस, एवढंच म्हणतोय. ग्रीसची ऑटो टाकी रिकामी राहिली तर बुश कोरडे घासतात. ताण एका बारवर जास्त गेला की डायच्या दुसऱ्या, कमी आवळलेल्या कोपऱ्यात फ्लॅश (फटीतून बाहेर येणारा धातू) येऊ लागतो. लोक काय करतात? लॉकिंग टनेज (डाय बंद धरण्याचा जोर) वाढवतात. फ्लॅश दबतो आणि आधीच ताणलेला तो बार आणखी ताणला जातो. एक दिवस नटाजवळच्या आट्यांतून तुटतो. टाय बार काही नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही, मशीन आठवडेच्या आठवडे उभं. डायल गेज लावून चारही बारांची ताणवाढ मोजायला तास-दीड तास पुरतो, पण मशीन रिकामं मिळालं तर.

तिसरी_पाळी
थांबवण्याचीही किंमत असते, ती कोणी धरत नाही. बुधवारी रात्री डाय थंड झाली, शुक्रवारी सकाळी 660 अंशांचा धातू थंड पोलादावर. डायवरच्या हीट चेकिंगच्या (तापण्या-थंडावण्याने पडणाऱ्या) भेगा अशाच वाढतात. शिवाय पहिले पंधरा-वीस शॉट भंगारात.

आणि होल्डिंग फर्नेस (वितळलेला धातू गरम ठेवणारी भट्टी). सुट्टीत वीज वाचवायला तापमान खाली आणतात. एडीसी12 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूमध्ये लोखंड, मँगनीज, क्रोमियम असतंच. धातू फार थंड झाला की त्यांचे कठीण कण तळाशी बसतात. शुक्रवारी लाडलने (धातू उचलायच्या पळीने) तेच उचललं की मशिनिंगमध्ये हार्ड स्पॉट, आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) तुटला की दोष टूलवाल्याचा. सलग चालणारं मशीन या सगळ्यातून सुटतं.

नटबोल्ट
ही दोन्ही कारणं थांबण्याची नाहीत, नीट सुरू न करण्याची आहेत. हॉट ऑइल युनिटवर (डायमध्ये गरम तेल फिरवणाऱ्या यंत्रावर) डाय 180 अंशांपर्यंत आणा, सकाळी सहाला शॉट हवा तर युनिट पहाटे तीनला चालू. बर्नरने वरवर भाजू नका, त्याने कातडी तापते आणि गाभा थंड राहतो. फर्नेस आधी 680 पर्यंत नेऊन तळ ढवळा, ड्रॉस (वरची मळी) काढा, मगच लाडल. यासाठी फर्नेसवाला एक आणि डायसेटर एक, दोनच माणसं लवकर बोलवावी लागतात. त्यांचा दुप्पट ओव्हरटाइम वाचवायला जाणारा मॅनेजर वीस शॉट भंगारात घालतो.

उलटतपासणी
मूळ प्रश्नावर या. ग्राहकाची असेंब्ली लाईन 28 तारीख आणि 8 तारीख यांत फरक करत नाही, रोजच्या शेड्यूलप्रमाणे तेवढेच नग ओढते. मग शेवटच्या आठवड्यात आग का लागते? बिलिंगचा आकडा महिन्याला मोजतात म्हणून. पहिल्या आठवड्यात निवांत, दुसऱ्यात डाय दुरुस्तीला, तिसऱ्यात जाग. मग गुरुवारचा बळी. तिसरी_पाळी ज्याला अधिकार म्हणतायत तो आपल्याच ढिलाईवर पांघरूण घालण्याचा अधिकार आहे. 5 तारखेचा पीएम कोणी रद्द करत नाही, 26चाच का होतो, एवढं सांगा.

तिसरी_पाळी
कागदावर बरोबर. पण शेड्यूल सुधारून येतं तेही महिन्याच्या मध्यात, आणि वाढीव नग मागच्या तारखेपासून मोजतात. मॅनेजरने कॅपॅसिटी कुठून आणायची?

उलटतपासणी
फिनिश्ड स्टॉकमधून. जास्त खपणाऱ्या तीन-चार नगांचा दीड दिवसाचा साठा ठेवला की गुरुवार मोकळा होतो. फायनान्सवाले इन्व्हेंटरीवरून ओरडतील, त्यांना बिस्किट यांचे 360 नग दाखवा.

तेलपाणी
एक गोष्ट या हिशोबात घालूच नका. मशीनच्या हायड्रॉलिकमधल्या वॉटर-ग्लायकॉल तेलात पाणी साधारण 35 ते 45 टक्के असावं लागतं. गरमीत ते उडून जातं. पाणी कमी झालं की तेल घट्ट होतं आणि आग रोखण्याचा गुण जातो. वितळलेल्या धातूशेजारी होज फुटला तर काय, हे लिहायला नको. रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब, पाच मिनिटं. तीच गोष्ट गार्डच्या लिमिट स्विचची (गार्ड उघडं असताना मशीन चालू न देणारा स्विच). डिस्पॅचचं कारण सांगून बायपास केलेला स्विच ‘पुढच्या गुरुवारी बघू’ म्हणून राहतो आणि मग कायमचाच राहतो. यात मॅनेजरला अधिकारच नसावा, प्लांटहेडलाही नसावा.

तिसरी_पाळी
सुरक्षेच्या बाबी ढकलायच्या नाहीत, मान्य. बाकीच्यांची यादी मेंटेनन्सने आधी द्यावी: काय सात दिवस थांबू शकतं, काय नाही. मॅनेजर त्यातून निवडेल.

बिस्किट
आणि निवडलं की पीएम कार्डावर नवी तारीख टाकून मेंटेनन्स हेडची सही घ्यायची. तारीख दुसऱ्यांदा उलटली तर मशीन शुक्रवारी सुरूच करायचं नाही.

तिसरी_पाळी
सही कशाला? मग निर्णय मॅनेजरचा कसा राहिला? मेंटेनन्स हेड माझ्याच हाताखाली असतो.

बिस्किट
म्हणूनच सही हवी. हाताखालचा माणूस तोंडी ‘नाही’ म्हणत नाही, पण टाय बारच्या कार्डावर सही करताना त्याचा पेन अडखळतो. त्याने सही नाकारली तर मॅनेजरने खाली आपलं कारण स्वतःच्या अक्षरात लिहावं आणि खुशाल चालवावं.